माशाच्या पिलाचे उष्टावण

नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर आरेंडाल या गावाजवळ फ्लोडेविगेन नावाचे एक लहानसे ठिकाण आहे. 1884 ते 1971, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, तिथल्या हॅचरीत दर हंगामात एकच काम चालत आले. कॉड माशांची अंडी गोळा करायची, वाहत्या समुद्राच्या पाण्यात ती उबवायची आणि बाहेर आलेली चार मिलिमीटर लांबीची पिले जवळपासच्या फ्योर्डांमध्ये नेऊन सोडायची. जन्मलेल्या पिलाच्या पोटाखाली बलकाची पिशवी असते. तिथल्या थंड पाण्यात ती साधारण आठवडाभर पुरते. ती संपण्याच्या आत पिले समुद्रात पोचली की हॅचरीची जबाबदारी संपली. अशी कोट्यवधी पिले सोडली गेली आणि दरवर्षी त्यांचे आकडे नोंदवले गेले.

आठव्या दिवशी त्या पिलांनी काय खाल्ले, हा रकाना त्या नोंदीत नव्हता.

आपल्याकडे मूल सहा-सात महिन्यांचे झाले की त्याला समारंभाने पहिला घास भरवतात. त्याला आपण उष्टावण म्हणतो. आईच्या दुधावरून जगाच्या अन्नाकडे जाण्याचा हा क्षण नाजूक असतो हे आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होते, म्हणून तर त्याला संस्काराचे स्थान मिळाले. समुद्री माशाच्या पिलाच्या आयुष्यात हाच क्षण जन्मानंतर दोन-तीन ते सात-आठ दिवसांत येतो, आणि बहुतेक पिले तिथेच मरतात. त्या एका घासाचे कोडे सोडवायला माणसाला शंभरावर वर्षे लागली. त्याच्या मुळाशी अमिनो आम्ले आहेत आणि ते आजही पूर्ण सुटलेले नाही. या लेखात त्या शोधाचा मागोवा घेतला आहे.

तरंगणारी अंडी

गोष्ट फ्लोडेविगेनच्याही आधी सुरू होते. 1864 मध्ये नॉर्वे सरकारने गेओर्ग ओसियन सार्स या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवर पाठवले. तिथे दर हिवाळ्यात अंडी घालायला येणाऱ्या कॉडच्या थव्यांवर हजारो कोळ्यांचे पोट चालत असे. मासे कधी भरपूर येत, कधी पाठ फिरवत. असे का होते ते सार्सने शोधायचे होते. माशांची अंडी तळाशी, दगडांवर किंवा वनस्पतींवर चिकटलेली असतात असाच तोवरचा समज होता. सार्सला कॉडची अंडी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ मोकळी तरंगताना सापडली. दीड मिलिमीटरच्या आतबाहेर असणारे ते काचेसारखे पारदर्शक मणी होते. ते पृष्ठभागावर कसे राहतात, याचे उत्तर त्या काळी कोणापाशी नव्हते. वाचकांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा, कारण पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

अंडी तरंगतात म्हणजे ती गोळा करता येतात आणि उबवताही येतात. एक मोठी मादी काही दशलक्ष अंडी घालते. मग किनाऱ्यावरचे मासे कमी होत असतील तर अंडी उबवून समुद्राची पेरणी का करू नये? दक्षिण नॉर्वेत गुंडर माथिसेन डानेविग या दर्यावर्दी कप्तानाने हा विचार मनावर घेतला. अमेरिकेच्या मत्स्य आयोगानेही त्याच सुमारास अशा हॅचऱ्या उभ्या केल्या. आपल्याकडे रोहू-कटल्याच्या पिलांना मत्स्यजिरे आणि मत्स्यबीज म्हणतात. शेतीवरून उचललेले हे शब्द त्या काळच्या युरोपीय विचाराला चपखल बसतात. बी टाकले की पीक येणारच, अशी ती श्रद्धा होती.

शंका घेणारे तेव्हाही होते. पेटीत जन्मलेली ही दुबळी पिले समुद्रात जगणार कशी, असे ते विचारत. त्यांना उत्तर म्हणून डानेविगने 1886 मध्ये समुद्राच्या पाण्याने भरलेल्या एका बंदिस्त हौदात कॉडची पिले ठेवली आणि ती चांगली मोठी करून दाखवली. त्या हौदात समुद्रातलेच सूक्ष्म जीव होते आणि पिले त्यांच्यावर वाढली. आज मागे वळून पाहताना वाटते की उत्तर त्याच्या हातात आले होते. त्याने मात्र त्याचा उपयोग पिले सोडण्याचे समर्थन करण्यापुरता केला. ती काय खाऊन वाढली, हा धागा पुढे नेला गेला नाही.

डानेविग घराण्याची चिकाटी विलक्षण होती. गुंडर, मुलगा आल्फ आणि नातू गुन्नार अशा तीन पिढ्यांनी ही संस्था चालवली. दुसरा मुलगा हाराल्ड स्कॉटलंडमधल्या डनबारच्या हॅचरीत काम करून ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथल्या मत्स्य खात्याचा प्रमुख झाला. 1914 च्या डिसेंबरात ‘एन्डेव्हर’ या संशोधन जहाजासह तो दक्षिण महासागरात नाहीसा झाला.

आल्फच्या काळात, 1919 पासून, आणखी एक काम सुरू झाले. सोडलेल्या पिलांचा खरोखर उपयोग होतो का हे पाहण्यासाठी दर शरद ऋतूत ठरलेल्या जागी किनाऱ्यावरून रापण ओढून लहान मासे मोजायचे. ती मोजणी आजतागायत चालू आहे. जगातल्या सर्वात दीर्घ सागरी नोंदींमध्ये तिची गणना होते. त्या आकड्यांच्या विश्लेषणातून पिले सोडण्याचा ठळक परिणाम काही दिसून आला नाही. घराण्याने चालवलेल्या कामाची निष्फळता घराण्यानेच सुरू केलेल्या मोजणीतून सिद्ध व्हावी, याला मी अपयश म्हणायला तयार नाही. हिशेब प्रामाणिक होता, एवढाच त्याचा अर्थ.

योर्टचा प्रश्न

1914 मध्ये योहान योर्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाचा उत्तर युरोपातल्या मोठ्या मासेमारीच्या चढउतारांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. झाडाच्या खोडातली वर्तुळे मोजावीत तशी खवल्यांवरची वर्तुळे मोजून त्याच्या गटाने हेरिंग माशांची वये काढली होती. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट दिसली. 1904 साली जन्मलेली हेरिंगची एकच पिढी पुढे वर्षानुवर्षे जाळ्यांत भरभरून येत राहिली. तिच्या मागच्यापुढच्या पिढ्या तिच्यापुढे नगण्य होत्या. त्या वर्षी अंडी जास्त पडली होती असे मानायला आधार नव्हता. म्हणजे पिढीचे भवितव्य अंड्यांच्या संख्येवर ठरत नव्हते.

योर्टने अंदाज मांडला की बलक संपण्याच्या नेमक्या वेळी योग्य अन्न तोंडासमोर असले तर पिढी जगते, थोडा उशीर झाला तर जवळजवळ सगळी मरते. त्याने या काळाला ‘कसोटीचा काळ’ म्हटले. फ्रान्समध्ये कॉन्कार्नो येथे सोल माशाची पिले वाढवणाऱ्या फाब्र-दोमेर्ग यांनीही 19व्या शतकाच्या अखेरीस हीच अडचण ओळखली होती. योर्टचा अंदाज जसाच्या तसा खरा आहे का, यावर आजही वाद होतात. पण त्याने चर्चेचा रोख बदलला. किती अंडी, या प्रश्नाच्या जागी पहिला घास कोणता, हा प्रश्न आला.

मिठागरातला कीटक आणि तळ्यातली पीडा

पुढची प्रगती जीवशास्त्राच्या थोर सिद्धांतांतून झाली नाही. ती झाली दोन क्षुद्र प्राण्यांमुळे.

पहिला आर्टेमिया. मिठागरांत आणि खाऱ्या सरोवरांत वाढणारा हा कोळंबीचा दूरचा नातलग. पाणी आटू लागले की तो पाव मिलिमीटरपेक्षा लहान, टणक कवचाची बीजांडे टाकतो. ती वाळवून डब्यात भरली तर वर्षानुवर्षे टिकतात आणि कोमट खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात त्यातून पोहणारी जिवंत पिले बाहेर पडतात. 1933 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयातील आल्विन सील यांनी माशांच्या पिलांसाठी हे अन्न सुचवले. 1939 मध्ये नॉर्वेच्या गुन्नार रोलेफसेन यांनी ते प्लेस या चपट्या समुद्री माशाच्या पिलांना दिले आणि पिले जगली. दुसऱ्या महायुद्धानंतर आयल ऑफ मॅन बेटावर ब्रिटिश शास्त्रज्ञ शेलबोर्न यांनी याच अन्नावर प्लेसची हजारो पिले तयार केली. डबा उघडला की जिवंत अन्न तयार, अशी सोय माणसाला प्रथमच मिळाली.

पण आर्टेमियाचे नवजात पिलूही सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे असते. अनेक समुद्री माशांच्या पिलांच्या तोंडात ते मावत नाही. इथे दुसरा प्राणी आला, रोटिफर. जपानमध्ये ईल मासे पाळण्याच्या तळ्यांत कधी कधी हिरवेगार पाणी अचानक नितळ होई, पाण्यातला प्राणवायू घटे आणि ईल मरत. या प्रकाराला तिथे ‘मिझुकावारी’, म्हणजे पाणी पालटणे, असे नाव होते. पाण्यातले हिरवे शेवाळ फस्त करणारा गुन्हेगार होता एक-दोन दशांश मिलिमीटरचा रोटिफर. मिए प्रांतातले ताकाशी इतो या पीडेचा अभ्यास करत होते. 1960 मध्ये त्यांनी रोटिफर समुद्राच्या पाण्यात वाढवून दाखवला आणि समुद्री पिलांचे अन्न म्हणून त्याचा मार्ग खुला केला. शेतकऱ्याचा शत्रू हॅचरीचा आधार झाला. मादाई म्हणजे लाल ब्रीम हा जपानी लग्नकार्यातला मानाचा मासा. तो माणसाच्या हाताखाली मोठ्या प्रमाणावर जन्मू लागला तो याच जोरावर.

1967 च्या सुमारास रोटिफरला शेवाळाऐवजी पावाचे यीस्ट खाऊ घालण्याची युक्ती निघाली. रोटिफर स्वस्तात आणि टनावारी वाढू लागले, आणि ते पोटभर खाऊन पिले मरू लागली. पोट भरलेले, तरी उपासमार. जिवंत अन्न म्हणजे केवळ वळवळणारी पिशवी आहे, त्या पिशवीत काय भरले आहे ते महत्त्वाचे, हे यातून कळले. तोक्यो मत्स्य विद्यापीठातील ताकेशी वातानाबे आणि सहकाऱ्यांनी त्या पिशवीत ओमेगा-3 स्निग्धाम्लांची उणीव असल्याचे दाखवले. तेव्हापासून रोटिफर आणि आर्टेमिया यांना आधी माशाचे तेल पाजायचे आणि मग ते पिलांना घालायचे, ही रीत पडली. 1980 च्या दशकात सगळ्यांचे डोळे स्निग्ध पदार्थांवर खिळले होते. प्रथिनांकडे लक्ष जायला अजून अवकाश होता.

उंदीर, सामन आणि दहा आम्ले

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. माळेत वीस प्रकारचे मणी असतात. त्यांतले काही प्राण्याला स्वतः बनवता येतात, काही आयतेच मिळावे लागतात. हे वर्गीकरण प्रथम पक्के झाले ते अमेरिकेत, इलिनॉय विद्यापीठात. विल्यम रोज तिथे उंदरांना प्रथिनाऐवजी शुद्ध अमिनो आम्लांचे मिश्रण देत होते. त्या वेळी ठाऊक असलेली सगळी आम्ले घालूनही उंदीर खंगत. काहीतरी निसटत होते. 1935 मध्ये ते सापडले. त्याचे नाव थ्रिओनिन. मग एकेक आम्ल वगळून पाहताना वाढत्या उंदराला दहा आम्ले अन्नातून मिळावीच लागतात असे ठरले.

1957 मध्ये जॉन हाल्व्हर आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग चिनूक सामन माशावर केला आणि त्यांचीही यादी दहाचीच निघाली. मासा आणि उंदीर या बाबतीत सख्खे निघाले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत एडविन मर्ट्झ होते. याच मर्ट्झनी 1964 मध्ये लायसिनने समृद्ध असलेला मका शोधला. त्याच काळात जपानमध्ये जिवाणूंकडून किण्वनाने अमिनो आम्ले बनवण्याचा उद्योग उभा राहिला. लायसिन पोत्यांनी मिळू लागले. कोंबडी आणि डुकरांच्या खाद्यात जे आम्ल कमी पडेल ते वरून मिसळायचे, ही पद्धत रूढ झाली. सामनच्या खाद्यातही ती चालली.

मग समुद्री माशांच्या पिलांनाही का चालू नये?

सामनचे अंडे पाच-सहा मिलिमीटरचे असते. त्यातून निघालेले पिलू कित्येक आठवडे स्वतःच्या बलकावर राहते आणि तोंड उघडते तेव्हा कोरडा दाणा खाण्याइतके मोठे झालेले असते. कॉड, हॅलिबट, ब्रीम यांची पिले म्हणजे अर्धवट घडलेली बाळे. त्यांना जठर नसते. जठर नाही म्हणून आम्ल नाही आणि पेप्सिनही नाही. आतडे म्हणजे जवळजवळ सरळ नळी. त्यातून अन्न झपाट्याने पुढे सरकते. अशा नळीच्या जोरावर ते पिलू रोज आपले वजन दहा, वीस, कधी तीस टक्क्यांनी वाढवत असते. वाढ म्हणजे मुख्यतः स्नायू, आणि स्नायू म्हणजे प्रथिने. ज्याला अमिनो आम्लांची सर्वात जास्त गरज, त्याच्यापाशी प्रथिने फोडण्याचे साधन सर्वात तोकडे. निसर्गाने ही तोंडमिळवणी कशी केली असेल?

अंड्यातली शिदोरी

1989 मध्ये बर्गन विद्यापीठातील हान्स योर्गेन फ्यून यांनी एक निबंध लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते. समुद्री पिलांच्या पहिल्या घासातली ऊर्जा मोकळ्या अमिनो आम्लांतून येते का, असे त्यांनी विचारले होते. मोकळी म्हणजे माळेत न ओवलेली, सुटी.

फ्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून जे चित्र पुढे आले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वात सुंदर प्रकरण वाटते. कॉडच्या मादीच्या पोटात अंडे पिकत असताना, अगदी शेवटच्या टप्प्यात, बलकातल्या प्रथिनांचा मोठा भाग विरघळतो आणि त्याचे सुटे मणी होतात. अंड्यातल्या एकूण अमिनो आम्लांपैकी निम्म्यापर्यंत आम्ले अशी मोकळी असू शकतात. हे मणी मोकळे झाल्यामुळे अंड्यातल्या द्रवाचा परासरण दाब वाढतो, आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कैरीच्या अगदी उलट घडते. आईच्या शरीरातले पाणी अंड्यात ओढले जाते. अंडे काही पटींनी फुगते आणि पारदर्शक होते. त्याच्या सुमारे नऊ दशांश भागात पाणीच असते. ते पाणी समुद्राच्या मानाने पुष्कळ कमी खारट, म्हणून हलके.

म्हणून अंडे तरंगते.

सार्सने लोफोतेनच्या पाण्यात पाहिलेल्या तरंगत्या मण्यांचे कोडे असे सव्वाशे वर्षांनी उलगडले. अंडे ज्याच्यामुळे तरंगते तेच पिलाचे पहिले अन्नही आहे. पहिले काही दिवस पिलू ही मोकळी आम्ले जाळून ऊर्जा मिळवते आणि त्यांतलीच काही जोडून शरीर बांधते. आईने प्रथिन आधीच पचवून दिलेले असते. पिलाला जठर नाही, पण आईने त्याच्यासाठी पचनाचे काम अंड्यातच उरकलेले आहे. बाळाला भरवण्यापूर्वी घास मऊ करून देणारी आई आपल्याला परकी नाही.

तोंड उघडायच्या सुमारास हा साठा संपत आलेला असतो. समुद्रात त्या क्षणी समोर असतात कोपेपॉड, म्हणजे पाण्यात उड्या मारत फिरणारे सूक्ष्म कवचधारी जीव. त्यांच्या शरीरातही मोकळी अमिनो आम्ले भरपूर असतात. अंड्यातली शिदोरी संपते आणि तशाच प्रकारचे अन्न बाहेर मिळू लागते. 1886 मध्ये डानेविगच्या हौदातली पिले जगली याचे मर्म आता समजते. नॉर्वेत 1980 च्या दशकात बंदिस्त खाजणांत नैसर्गिक सूक्ष्मजीवांवर कॉडची पिले पुन्हा मोठ्या संख्येने वाढवली गेली, तेव्हा डानेविगचा हौद जणू शंभर वर्षांनी परत भरला होता.

वरून मिसळण्याची अडचण

उणीव कळली की भरून काढायची, हे सोपे वाटते. इथेच विज्ञान सर्वात जास्त अडखळले.

पहिली अडचण गळतीची. पिलाच्या तोंडात मावणारा कृत्रिम खाद्याचा कण मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा असतो. मोकळी अमिनो आम्ले पाण्यात सहज विरघळतात. कण पाण्यात पडल्यावर काही मिनिटांतच त्यातली बहुतेक आम्ले बाहेर निघून जातात. पिलू कणापर्यंत पोचते तोवर उरतो चोथा. कणाला मेदाचे घट्ट आवरण दिले तर आम्ले आत टिकतात, पण ते आवरण फोडणे पिलाच्या आतड्याला जड जाते. गळतीला एक गुणही निघाला. इस्राएलमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवले की आर्टेमियातून पाण्यात झिरपणाऱ्या ग्लायसिन, अलानिन यांसारख्या आम्लांच्या वासाने ब्रीमची पिले कृत्रिम खाद्याकडे जास्त ओढली जातात. म्हणजे गळणारी आम्ले पोटात गेली नाहीत तरी ताटावर बोलावण्याचे काम करतात.

दुसरी अडचण वेळेची. इवार रोनेस्टाड आणि इतरांनी केसासारख्या बारीक नळीने पिलांच्या आतड्यात मोजून अन्न सोडले आणि त्याचे पुढे काय होते ते पाहिले. अखंड प्रथिनापेक्षा मोकळी आम्ले फार लवकर शोषली जात होती. हे चांगलेच दिसते, पण शरीर बांधायला सगळे मणी एकाच वेळी हाताशी हवेत. काही आम्ले आधी पोचली आणि जोडीदार मागे राहिले तर आधी आलेली जळून जातात. मोकळ्या आम्लांवर कार्प मासे नीट वाढत नाहीत, हे जपानमध्ये 1970 च्या सुमारासच दिसले होते. यातून मधला मार्ग निघाला. प्रथिन पूर्ण न फोडता दोन-तीन मण्यांचे लहान तुकडे करून द्यायचे. फ्रान्समध्ये ब्रेस्त येथे झाम्बोनिनो आणि काऊ यांनी 1997 मध्ये युरोपीय सीबासच्या पिलांना खाद्यातल्या प्रथिनाचा काही भाग असा दिला, तेव्हा पिले जास्त जगली आणि वेडीवाकडी कमी निपजली.

तिसरा मार्ग जिवंत पिशवीचाच. आर्टेमियात मिथिओनिन हे आम्ल तोकडे पडते. ते पाण्यात नुसते मिसळले तर आर्टेमिया फारसे घेत नाही. म्हणून ते मेदाच्या सूक्ष्म बुडबुड्यांत भरून आर्टेमियाला पाजण्याचा प्रयोग 2000 साली यशस्वी झाला. माशाच्या पिलाला औषध द्यायचे तर आधी ते त्याच्या घासाला पाजायचे.

आणि मग टॉरिन. 1827 मध्ये टिडेमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांना तो बैलाच्या पित्तात सापडला. लॅटिनमधल्या बैलावरून पुढे त्याचे नाव पडले. टॉरिन प्रथिनाच्या माळेत कधीच ओवला जात नाही, त्यामुळे पोषणशास्त्राने त्याला बराच काळ गणतीत धरले नाही. 1975 मध्ये कळले की अन्नात टॉरिन नसेल तर मांजर आंधळे होते. माशांची पाळी नंतर आली. समुद्रातल्या कोपेपॉडमध्ये टॉरिन भरपूर असतो, रोटिफरमध्ये नावापुरता. तोशिओ ताकेउची यांच्या गटाने जपानमध्ये रोटिफरला टॉरिन पाजून तो मादाईच्या पिलांना दिला आणि पिलांची वाढ सुधारली. मोठ्या माशांतही हेच दिसले. फिशमीलच्या जागी सोयाबीनसारखी वनस्पती-प्रथिने दिलेल्या मादाई आणि यलोटेल माशांचे यकृत हिरवे पडू लागले होते. पित्तातली रंगद्रव्ये नीट बाहेर टाकली जात नव्हती. कारण होते टॉरिनची उणीव. खाद्यात टॉरिन घातल्यावर यकृताचा रंग पूर्ववत झाला. वनस्पतींत टॉरिन जवळजवळ नसतोच.

यात पणाला काय लागले आहे तेही पाहायला हवे. पाळीव समुद्री माशांचे खाद्य प्रामुख्याने फिशमीलवर उभे राहिले, आणि फिशमील पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँचोवेटासारखे लहान मासे दळून बनते. एक मासा वाढवायला दुसरे मासे मारायचे. तो भार हलका करायचा तर वनस्पतींकडे वळावे लागते, आणि वनस्पतींकडे वळले की मिथिओनिन, लायसिन, टॉरिन यांची तूट भरून काढावी लागते. पोत्यातल्या या पांढऱ्या पावडरीवर समुद्रातल्या लहान माशांचे थवे टिकणे काही अंशी अवलंबून आहे.

वडाळा ते खारेपाट

या कथेचे दोन धागे आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. 1953 मध्ये डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया असल्याची नोंद केली. जगभरच्या हॅचऱ्या ज्या किड्यासाठी सॅन फ्रान्सिस्को आणि यूटाच्या खाऱ्या सरोवराकडे डोळे लावून बसत, तो आपल्या रेल्वेरुळांपलीकडच्या आगरांत पोहत होता. मुंबईची मिठागरे आता आक्रसत चालली आहेत. त्यांच्या जमिनीचा भाव सर्वांना ठाऊक असतो, त्यांच्या पाण्यात काय होते ते फारसे कोणाला ठाऊक नसते.

दुसरा धागा जिताड्याचा. अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेताच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची रीत जुनी आहे. उघाडीतून भरतीच्या पाण्याबरोबर येणारी किंवा खाडीत धरलेली पिले तळ्यात सोडायची आणि जावई यायच्या दिवशी काढायची. ही पिले हाती येत तेव्हा बोटाएवढी झालेली असत. कसोटीचा काळ त्यांनी खाडीतच कोपेपॉड खाऊन पार केलेला असे. तळ्याच्या मालकाला त्या पहिल्या घासाची काळजी कधी करावी लागली नाही, कारण ती खाडी करत होती.

आता खाडीतून पिले मिळणे अवघड झाले तेव्हा ती हॅचरीतून आणावी लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यशेती संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचे प्रजनन बंदिस्त अवस्थेत करून दाखवले. जिताड्याचे पिलू जन्मते तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटरचे असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे तोंड उघडते. त्याला घालतात आधी रोटिफर आणि मग आर्टेमिया. जपानी तळ्यातली पीडा आणि मिठागरातला कीटक. दीडशे वर्षांच्या संशोधनानंतर, अमिनो आम्लांचे तक्ते, आवरणे, बुडबुडे हे सगळे हाताशी असूनही, पहिल्या काही दिवसांसाठी जिवंत घासाला पूर्ण पर्याय मिळालेला नाही. कृत्रिम खाद्य हळूहळू त्या दिवसाच्या जवळ सरकत आहे, एवढे म्हणता येते.

फ्लोडेविगेनच्या वह्यांत नव्वद वर्षे सोडलेल्या पिलांचे आकडे आहेत. मोजणे सोपे होते म्हणून ते मोजले गेले. पिलू काय खाते हे विचारायला एक पिलू सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याच्या सरळ, पारदर्शक आतड्यात डोकावावे लागणार होते. तिथे डोकावल्यावर दिसले की आईने त्या प्रश्नाचे उत्तर अंड्यातच लिहून ठेवले होते. पुढच्या वेळी ताटात जिताड्याची तुकडी येईल, तेव्हा त्याचे उष्टावण कोणी केले असेल, खाडीने की माणसाने, असा विचार एकदा मनात यायला हरकत नाही.